मांजर काही मागत नाही

आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागात काही घरांतून अजून मागाचा खडखडाट ऐकू येतो. या गल्ल्यांत मी वाढले आणि मांजर नसलेलं घर मला लहानपणी माहीतच नव्हतं. माळ्यावर भुईमुगाच्या शेंगा, कोपऱ्यात तांदळाची पोती, मागाच्या खोलीत सूत. उंदरांना आणखी काय पाहिजे? म्हणून मांजर असायचंच. ते उंदीर धरायचं, चुलीपाशी झोपायचं, दोन वेळा दूध-भात खायचं आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. आठ दिवसांनी कुणीतरी दुसरं पिल्लू आणून सोडायचं.

"मांजराला काय लागतंय? ते आपलं आपण बघतंय की." हे वाक्य मी आज्जीकडून ऐकलं, आईकडून ऐकलं आणि लग्न होऊन आले तेव्हा मामींकडून, म्हणजे सासूबाईंकडूनही ऐकलं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. म्हैस आजारी पडली तर डॉक्टर दारात यायचा, कारण दुधाचा पैसा थांबायचा. कुत्रं दुखलं तर विव्हळून गल्ली गोळा करतं. मांजर तसं करत नाही. ते स्वतः शिकारी असलं तरी अंगानं लहान, दुसऱ्याची शिकार होण्याजोगं. दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही. मग ते काय करतं? कपाटाच्या वर जातं, पलंगाखाली जातं, पाय पोटाशी घेऊन गप्प बसतं. कधी कधी दुखत असतानाही घुरघुरतं, आणि आपण म्हणतो, बघा, किती सुखात आहे. या गप्प बसण्याचा अर्थ आपण "काही लागत नाही" असा लावला. त्या एका समजुतीपायी आपल्या घरांतली किती मांजरं वेळेआधी गेली असतील, याचा विचार केला की मला आजही अस्वस्थ वाटतं.

सध्या घरी दोघं आहेत. म्हातारी मनी आणि तांबूस रंगाचा बोका, तांबू.

खाण्यापासून सांगते, कारण आमच्या घरात पहिला प्रश्न तिथंच उभा राहिला. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी या दिवशी घरात मांस-मासळी शिजत नाही. श्रावणात तर महिनाभर नाही, आणि पुढं गणपती उठेपर्यंत तसंच. पूर्वी त्या दिवसांत मांजरांनाही दूध-भात, दूध-चपाती मिळायची. पण मांजराचं शरीर मांसावर चालतं आणि त्याला दुसरा पर्याय नाही. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला ते जमत नाही. टॉरीन नावाचा एक घटक आपलं शरीर घरच्या घरी तयार करतं, मांजराचं शरीर पुरेसा करू शकत नाही. तो मांसातून आणि मासळीतूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन पसरतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हे हृदयाचं दुखणं टॉरीनच्या कमतरतेशी जोडून दाखवलं. टॉरीन दिल्यावर मांजरं सुधारतात, हेही दाखवलं. तयार खाण्यात टॉरीनचं प्रमाण त्यानंतर वाढवण्यात आलं. तोपर्यंत विकतचं खाणं खाणारी मांजरंसुद्धा त्यानं मरत होती. मग आमचा दूध-भात कुठं पुरणार?

हे मी मामींना सांगितलं. त्यांचा श्रावण कडक. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि परड्यातल्या न्हाणीच्या चुलीकडं बोट केलं. "तिथं शिजव. वेगळं भांडं काढून देतो तुला. खरं ते भांडं आत आणायचं नाही." इतकंच. तेव्हापासून श्रावणात परड्यात एक जर्मलचं पातेलं चढतं. त्यात कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडायचे. मीठ नाही, तिखट नाही आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काळीज आवडतं म्हणून रोज घालू नये. अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं आणि मांजराला मान वळवता येत नाही. नुसत्या मांसात कॅल्शियमही कमी, म्हणून रोजच्या खाण्यातला निम्मा वाटा मी मांजरांच्या तयार खाण्याचा ठेवते. श्रावण नसला की कॅम्पातल्या फिश मार्केटमधून बांगडा, तारली येते, गोव्याकडची नाहीतर कारवारची. उकडून, काटे काढून देते. खारवलेली सुकी मासळी देत नाही, कितीही मागं मागं फिरली तरी.

दुधाचं मात्र लोकांना पटत नाही. कुंद्याच्या, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईच्या, गावात मांजराला दूध घालू नका म्हणणं कठीण आहे, हे मला मान्य आहे. पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि आपण म्हणतो, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल.

आता तांबूचं सांगते.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. आमच्याकडं मांजरांसाठी न्हाणीच्या बाजूला एक पसरट ट्रे असतो. त्यात लाकडाच्या अड्ड्यावरून आणलेला भुसा घालते. पावसाळ्यात परडं महिनोन् महिने चिखलानं भरलेलं असतं, मांजरं बाहेर जायला तयार नसतात, तेव्हापासूनची ही सोय. त्या संध्याकाळी तांबू ट्रेमध्ये जाऊन बसला, उठला, जरा फिरला, परत बसला. मग मोरीत जाऊन बसला. पाठ कमानीसारखी, शेपटी ताठ, आणि तोंडातून एक खालच्या पट्टीतला आवाज, जो मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. शेजारच्या काकू बघायला आल्या. "पोट गच्च झालंय त्याचं. एरंडेल घाल चमचाभर, मोकळं होईल." बघणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. कुंथणारं मांजर दोन्ही दुखण्यांत सारखंच दिसतं.

ट्रे मी रोज सकाळी साफ करते. म्हणून मी तो उचलून दिव्याखाली आणला. सकाळपासूनचा भुसा सगळा कोरडा होता. एरवी संध्याकाळपर्यंत दोन-तीन ओले गोळे असतातच. शी मात्र होती, नेहमीसारखी. म्हणजे अडलं होतं ते लघवीचं.

भाजीच्या दोन प्लास्टिकच्या क्रेट एकावर एक उपड्या घालून, सुतळीनं बांधून, आत जुनं लुगडं पसरून त्याला रिक्षात घातलं. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर एका गावात म्हैस अडली म्हणून गेले होते. आमचा जिल्हा गाई-म्हशींचा, डॉक्टरांचा बराच वेळ त्यांच्यातच जातो, त्यात त्यांचा काही दोष नाही. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुत्र्या-मांजरांना बघणाऱ्या एका तरुण डॉक्टरांकडं गेलो. घरी कन्नड बोलणारे, पण आमच्याशी बेळगावच्या मराठीत बोलले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची लघवी कधी केली?" मी सांगू शकले की आज सकाळनंतर नाही. त्यांनी पोटाखाली हात घालून बघितलं आणि माझीही बोटं तिथं नेली. मूत्राशय कच्च्या मोसंबीसारखं टणक लागत होतं.

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडं फार अरुंद असते. लघवीत खडे नाहीतर बारीक स्फटिक तयार झाले, किंवा सुजेमुळं चिकट बुळबुळीत पदार्थाचा बोळा झाला, की ती बंद होते. लघवी तुंबली की मूत्रपिंडं काम सोडतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि ते चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. एक ते दोन दिवसांत मांजर जातं. एरंडेल घालून सकाळपर्यंत वाट बघणं म्हणजे त्यातले अर्धे तास हातचे घालवणं. मांजरीची नलिका रुंद आणि आखूड, म्हणून तिला हे क्वचित होतं. बोक्यांना होतं, आणि घरात बसून सुकं खाणाऱ्या लठ्ठ बोक्यांना जास्त.

डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली. आधी तांबूस पाणी आलं, मग धार लागली. सलाइन लावलं. नळी काही दिवस तशीच ठेवावी लागली. त्यानं ती ओढू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. मी रोज डबा घेऊन जात असे आणि तो माझ्या हातातूनच खात असे. घरी आणल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही आठवडे पुन्हा अडण्याची भीती असते, ट्रेवर लक्ष ठेवा. आजही मी ते सोडलेलं नाही.

नंतर या दुखण्यामागचं कारण वाचलं तेव्हा फार उकलल्यासारखं झालं. आपल्या घरच्या मांजरांचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं कोरड्या मुलखातलं रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. पण शरीर अजून त्या कोरड्या मुलखाचंच. शिकारीच्या मांसातून पाणी मिळायचं, म्हणून वेगळं प्यायची सवय कमी आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायची ताकद जास्त. अशा जनावराला आपण सुके दाणे घालतो आणि शेजारी एक वाटी पाणी ठेवतो. त्याला तहान लागतच नाही तितकी. म्हणून आता तांबूचं खाणं ओलं असतं, मांस उकडलेल्या पाण्यासकट. पाण्याची पसरट भांडी घरात चार ठिकाणी ठेवली आहेत, खाण्याच्या ताटलीपासून लांब. एक माजघरात, एक जिन्याखाली, एक परड्याच्या दाराशी आणि एक इन्व्हर्टरजवळ, कारण पावसाळ्यात दोघांचा मुक्काम त्या कोमट इन्व्हर्टरवरच असतो.

मांजर सांभाळणं म्हणजे मुख्यतः बघणं, हे मला तांबूनं पक्कं शिकवलं. रोजचं मांजर कसं असतं हे माहीत असलं तरच आजचं वेगळं दिसतं. ते कुठं झोपतं, किती खातं, उडी एका झेपेत मारतं की आधी खुर्चीवर थांबतं, अंग चाटून साफ ठेवतं की पाठीवरचे केस गुंतायला लागलेत. मी महिन्यातून एकदा त्यांना कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते आणि त्यातून माझं वजन वजा करते. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरलं तर ते डोळ्यांना दिसत नाही. पण साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरल्यासारखं असतं ते. गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास असतील तर डॉक्टरांना विचारायचं. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर विचारत बसायचं नाही, निघायचं. आणि दिवसभर काही खाल्लं नाही तर "उद्या खाईल" म्हणून सोडून द्यायचं नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, जाड मांजराच्या तर फार लवकर, आणि ते दुखणं मूळ दुखण्याहून अवघड होऊन बसतं.

घरातल्या औषधांबद्दल एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. ते औषध पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. माणसाची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तसंच पावसाळ्यात पिसवा झाल्या म्हणून कुत्र्याचं औषध लावू नका. त्यातल्या कितीतरी औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्यानं झटके येतात. दुकानदाराला "मांजरासाठी" असं सांगून, बाटलीवर मांजराचं चित्र आहे का ते बघून घ्यावं.

पिल्लांचं बोलायचं तर मन जड होतं. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या गल्लीत ती सात घरं सगळ्यांना माहीत आहेत. प्रत्येक घर कौतुकानं बघतं आणि पिल्लं चालायला लागली की कुणीतरी पोत्यात घालून मासळी बाजारामागं नाहीतर एखाद्या देवळाच्या कट्ट्यावर सोडून येतं. मांजर मारणं पाप, त्याला काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे मानणारीच माणसं हे करतात. सोडलेलं पिल्लू कुत्र्यांपुढं किती वेळ टिकणार, हा विचार कुणी करायला तयार नसतं. पाळीव जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यानं हे थांबेल असं मला वाटत नाही. ऑपरेशननं थांबेल. मांजरीचा गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घ्यावं. "एकदा तरी व्यायला पाहिजे, नाहीतर शाप लागतो" असं मला सांगणाऱ्या बायका आहेत. एकदा व्यायल्यानं मांजरीच्या तब्येतीचं काही भलं होत नाही. उलट तरुणपणीच ऑपरेशन झालं तर स्तनांच्या कर्करोगाची भीती बरीच कमी होते.

पिल्लांची दुसरी वैरीण म्हणजे साथ. उलट्या, जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं, आणि दोन-तीन दिवसांत संपणं. गल्लीत एकापाठोपाठ एक पिल्लं जातात, तेव्हा कुणी विषाचा संशय घेतं, कुणी नजरेचा. ही पॅनल्यूकोपेनियाची साथ. तिचा विषाणू कोपऱ्यात, चिंध्यांत, जमिनीच्या भेगांत वर्षभरसुद्धा टिकतो. मागच्या गल्लीत एका घरात अशी पिल्लं गेल्यावर काही महिन्यांनी त्याच टोपलीत नवं पिल्लू आणलं, तेही गेलं. फिनेलनं तो विषाणू मरत नाही. पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो, आणि टोपली तर जाळूनच टाकावी. लस मात्र साधी आहे. आठ-नऊ आठवड्यांची पिल्लं झाली की पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी. रेबीजची तीन महिन्यांनंतर, आणि पुढं दर वर्षी.

रात्री आमची मांजरं बाहेर जात नाहीत. ही सवय लागली २०२२ च्या ऑगस्टमध्ये. जाधवनगरात बिबट्या दिसला, मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या छावणीतून हत्ती आणले, आणि तरी तो सापडला नाही. आमची गल्ली तिथून लांब. पण त्या दिवसांत सगळ्यांनीच दारं लवकर लावली आणि मांजरंही आत राहिली. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की अंगावर ओरखडे नाहीत, फाटलेले कान नाहीत, रस्त्यावर गाडीखाली जायची धास्ती नाही. मग आत ठेवायचं ते ठेवलंच. विसर्जनाची मिरवणूक आमच्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. माणसाला ऐकू येतो त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीतला आवाज मांजराला ऐकू येतो. त्या रात्री मागच्या खोलीत जाड पडदा टाकून दोघांना ठेवते.

मनी आता चौदा-पंधराची असेल. गेल्या पावसाळ्यात ती पाणी जास्त प्यायला लागली, ट्रेमधले गोळे मोठे झाले, वजनकाटा हळूहळू उतरत गेला. रक्त तपासलं, मूत्रपिंडं थकली आहेत. म्हाताऱ्या मांजरांना हे फार जणांना होतं आणि ते पूर्ण बरं होत नाही, पण बरे दिवस वाढवता येतात. डॉक्टरांनी मला शिकवलं. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तिथं सुई घालायची आणि रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाइनसारखंच पाणी, कातडीखाली सोडायचं. माजघरात तुळईला एक जुना खिळा आहे, पूर्वी तिथं कंदील असायचा. बाटली त्याला अडकवते. मामी आधी बाटली कोमट पाण्यात ठेवतात, मग मनीला मांडीवर घेतात. "मांजराला इतकं कोण करतंय गं?" असं त्या अजूनही म्हणतात, आणि मनीच्या कपाळावरचा हात काढत नाहीत. सुई टोचताना मनी एकदा कान मागं घेते, मग गप्प राहते. तिला काय वाटतं ते मला कळत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती ताटलीपाशी उभी असते, तेवढं मला पुरतं.

परवा शेजारच्या काकूंच्या नातवाला त्यांच्या मांजरानं बोचकारलं. काकू हळदीचा डबा घेऊन आल्या होत्या. मी आधी त्याचा हात नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं धुतला आणि मग त्याला इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. रेबीज फक्त कुत्र्यामुळं होतो ही समजूत अजून आहे, पण मांजर चावल्यानं, बोचकारल्यानंही होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. त्यांच्या दोन्ही मांजरांना एकही लस दिलेली नव्हती. काकू म्हणाल्या, "आम्हाला कुठं माहीत होतं हो, मांजरालाबी इंजेक्शन असतंय म्हणून."

येत्या रविवारी तांबूच्या रेबीजच्या लसीची तारीख आहे. क्रेट मोठ्या आहेत, आणखी दोन जोड्या भाजीवाल्याकडून मागून ठेवल्यात. काकूंची दोन्ही मांजरं त्याच रिक्षातून नेणार आहे. त्यातली एक मांजरी आहे, पाच महिन्यांची. तिच्या ऑपरेशनची तारीखही त्याच दिवशी घेऊन येईन.